नर एकटा आहे, माद्या कुठून आणू?

प्रश्न : आम्ही अहिल्यानगरला, सावेडीत राहतो. धाकट्या मुलीच्या हट्टापायी गिनीपिगची दोन पिल्लं आणली. दोन्ही नर निघाले. वयात आल्यावर त्यांची रोज जुंपायला लागली, तेव्हा एक माझ्या मामेभावाकडे दिला आणि उरलेल्याचं, म्हणजे लाडूचं, पुण्याला नेऊन खच्चीकरण करून घेतलं. त्याला आता तीन आठवडे झाले. जखम छान भरली आहे, पण गडी दिवसभर कोपऱ्यात बसून असतो. डॉक्टर म्हणाले, ‘याला माद्यांची सोबत द्या.’ त्यावरून घरात तीन तट पडले आहेत. सासूबाई म्हणतात, खच्ची केलेल्याला मादी हवी कशाला? मुलगी म्हणते, चार आणा. ह्यांचं म्हणणं, ससा आणू, तो कुठेही मिळतो. माद्या नगरात कुठे मिळतील? किती आणाव्यात? लगेच आणाव्यात का? आणि आणल्या की एकाच पिंजऱ्यात सोडल्या तर चालेल का?
– एक वाचक, सावेडी, अहिल्यानगर

उत्तर : आधी निकाल सांगून टाकतो, मग कारणं. डॉक्टरांचं बरोबर आहे. माद्यांच्या कळपात सामावून जायला खच्ची केलेल्या नराइतका सोयीचा गडी दुसरा नाही. माद्या मिळणंही तुम्हाला वाटतं तितकं कठीण नाही. कठीण आहे ते पुढचं : जी आणाल ती खरोखर मादी आहे ना, गाभण नाही ना आणि सोबत खरूज-नायटा घेऊन आलेली नाही ना, याची खात्री करणं. बहुतेकांची फसगत इथेच होते. आता एकेक प्रश्न घेऊ.

‘खच्ची केलेल्याला मादी हवी कशाला?’

सासूबाईंची शंका रास्त आहे. खोंड बडवून बैल करायची रीत आपल्या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्यांची. बैल गाईमागे धावत नाही, हे त्यांनी पाहिलेलं असणार. पण जोडीतला एक बैल विकला की दुसरा दोन दोन दिवस दावणीला हंबरत राहतो, हेही त्यांनी पाहिलं असेल. अंडकोष काढल्याने प्रजनन थांबतं. सोबतीची भूक तशीच राहते.

गिनीपिगच्या बाबतीत ही भूक फार जुनी आहे. हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. पेरू, बोलिव्हिया भागातल्या लोकांनी तो हजारो वर्षांपूर्वीच माणसाळवला, तोही मांसासाठी. त्याचे रानटी भाऊबंद आजही तिथल्या गवताळ रानांत लहान लहान टोळ्यांनी राहतात. टोळीत सहसा एक मोठा नर, काही माद्या आणि त्यांची पिल्लं. या प्राण्याला ना धारदार नखं, ना शिंगं, ना पळायला लांब पाय. एकाने मान वर करून पाहायचं आणि बाकीच्यांनी चरायचं, एवढंच त्याचं संरक्षण. म्हणून एकटा पडलेला गिनीपिग घरातही निर्धास्त होत नाही. कोपरा धरून बसणं हे त्याचं ‘मी सुरक्षित नाही’ असं सांगणं आहे.

जर्मनीतल्या म्युन्स्टर विद्यापीठात नॉर्बर्ट साक्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बराच अभ्यास केला आहे. नर गिनीपिगला अनोळखी पिंजऱ्यात ठेवलं की त्याच्या रक्तातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, वाढतं. सोबत अनोळखी मादी ठेवली तर त्यात फारसा फरक पडत नाही. ज्या मादीशी त्याचं सूत जुळलेलं आहे ती शेजारी असली, की मात्र ही वाढ ठळकपणे कमी राहते. यातून दोन गोष्टी कळतात. मादीच्या सोबतीने नराला खरोखर आधार मिळतो. आणि तो आधार मादी आणल्या दिवशी मिळत नाही, तो जमून यावा लागतो.

स्वित्झर्लंडने तर हे कायद्यातच घातलं. 2008 पासून तिथे गिनीपिग एकटा पाळता येत नाही. मग दोघांतला एक मेला की मागे राहिलेल्याचं काय, असा पेच उभा राहिला. त्यावर झुरिचजवळच्या एका बाईंनी सोबतीसाठी गिनीपिग भाड्याने द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे असा कायदा नाही. पण प्राण्याची गरज देश बदलल्याने बदलत नाही.

दुसरा नर का नको, तेही सांगतो. लहानपणापासून एकत्र वाढलेले दोन नर ऐसपैस जागेत, आसपास मादीचा वास नसेल तर, गुण्यागोविंदाने राहू शकतात. पण एकदा रक्त काढेपर्यंत बिनसलं की पुन्हा जमणं मुश्कील. तो अनुभव तुम्ही घेतलाच आहे.

‘तीन आठवडे झाले, आता आणू का?’

अजून थांबा. शस्त्रक्रियेच्या दिवशी अंडकोष गेले, तरी पुढच्या नळ्यांमध्ये शुक्राणू शिल्लक असतात आणि ते काही आठवडे जिवंत राहतात. म्हणून खच्चीकरणानंतर किमान चार आणि शक्यतो सहा आठवडे नराला मादीपासून दूर ठेवायचं असतं. चिमटा लावलेला खोंड लगेच गाईंमध्ये सोडू नका, असं पशुवैद्य सांगतात, तेही याच कारणाने. शस्त्रक्रियेची तारीख कॅलेंडरवर लिहा, तिच्यापुढे सहा आठवडे मोजा आणि त्या दिवसापर्यंत जाळीच्या आडूनसुद्धा घाई करू नका. जाळीच्या फटीतून जमलेल्या जोड्या पशुवैद्यांना नवीन नाहीत.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक इशारा. बैल-बोकडाचा चिमटा गिनीपिगला चालत नाही. त्याच्या जांघेतली वाट आयुष्यभर उघडी असते. शस्त्रक्रियेत ती नीट बंद केली नाही तर आतडं खाली उतरू शकतं. शिवाय गिनीपिगला उलटी होत नाही. त्यामुळे कुत्र्या-मांजरासारखं त्याला रात्रभर उपाशी ठेवायची गरज नसते, उलट उपाशी ठेवलं तर त्याचं आतडं थंडावतं आणि तेच जिवावर बेततं. तेव्हा ससे-गिनीपिग यांना भूल देण्याचा सराव असलेल्या डॉक्टरकडेच जावं. आपल्या जिल्ह्यातले बहुतेक पशुवैद्य गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांत वाकबगार आहेत. नगरहून पुणे साधारण सव्वाशे किलोमीटर. तुम्ही तेवढी वाट वाकडी केलीत ते योग्यच केलंत.

उरलेले तीन आठवडे वाया जात नाहीत. याच काळात माद्या शोधायच्या, डॉक्टरांना दाखवायच्या आणि वेगळ्या खोलीत ठेवून पारखायच्या.

‘नगरात माद्या कुठे मिळतील?’

घोडेगावच्या बाजारात म्हैस मिळते, काष्टीच्या बाजारात बैल मिळतो. गिनीपिगचा असा बाजार भरत नाही. तरी तीन वाटा आहेत.

पहिली आणि माझ्या मते सगळ्यात चांगली वाट म्हणजे घरं. हौसेने आणलेले आणि मुलं दहावी-बारावीला गेली, बदली झाली, कोणाला केसांची ॲलर्जी निघाली म्हणून नकोसे झालेले गिनीपिग नगर, श्रीरामपूर, संगमनेर, शिर्डी अशा सगळ्या गावांत असतात. ते कोणाला माहीत असतात? कुत्र्या-मांजरांच्या खासगी दवाखान्यांना. तुमच्या डॉक्टरांकडे आणि नगरातल्या दोन-तीन दवाखान्यांत चिठ्ठी ठेवा : ‘खच्ची केलेल्या नरासाठी दोन माद्या हव्या आहेत, शक्यतो एकत्र वाढलेल्या.’ पुण्यात प्राणी दत्तक देणारे गटही आहेत. या वाटेने आलेल्या मादीचं वय, सवयी, आजारपण सांगणारं कोणीतरी असतं. दोघी आधीपासून एकत्र राहत असतील तर फारच उत्तम. त्यांचं आपसातलं जमलेलं असतं, जुळवायचं राहतं फक्त लाडूचं.

दुसरी वाट दुकानाची. दुकानातून घ्यायचंच असेल तर 2018 च्या पाळीव प्राणी दुकान नियमांनुसार त्या दुकानाची राज्य पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. ती आहे का विचारा आणि पावती घ्या. नर-माद्या एकाच पिंजऱ्यात कोंबलेल्या दिसल्या तर तिथली प्रत्येक मादी गाभण आहे असं समजून चाला. ‘जोडी घ्या, स्वस्तात देतो’ या बोलीला बळी पडू नका. तुमच्याकडे नर आहे, तुम्हाला जोडी नको, फक्त माद्या हव्यात. आणि तळहातावर मावणारं गोंडस पिल्लू पुढे केलं तर वय विचारा. तीन आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं पिल्लू घेऊ नये.

तिसरी वाट लोक हमखास विचारतात : प्रयोगशाळा. गिनीपिगची आपल्याकडची ओळख मुळात तीच. जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी पटकीची लस 1892 मध्ये पॅरिसला तयार केली, ती गिनीपिगच्या शरीरातून जंतू पुन्हा पुन्हा नेऊन, त्यांचा जोर वाढवून. दुसऱ्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले आणि पुढे 1896 ला मुंबईत प्लेगवर कामाला लागले. परळची संस्था 1925 पासून त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्यामुळे विळद घाट, लोणी किंवा संगमनेरच्या फार्मसी कॉलेजात ओळख काढून एखादी मादी मिळेल, असं अनेकांना वाटतं. तो नाद सोडा. प्रयोगाचे प्राणी केंद्रीय समितीच्या नियमांखाली येतात. प्रत्येक प्राण्याची नोंद असते आणि संस्थेच्या नैतिकता समितीशिवाय तो कोणाला देता येत नाही. ओळखीने शिपायाच्या पिशवीतून आलेला प्राणी कायद्यात बसत नाही आणि त्याला काय टोचलं होतं तेही तुम्हाला कळणार नाही. शिवाय बी. फार्मच्या वर्गात प्राण्यांवरचे प्रयोग आता बहुतेक संगणकाच्या पडद्यावरच होतात.

‘मादीच आहे हे ओळखायचं कसं?’

हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तुमच्या दोन्ही ‘पिल्लां’चा इतिहास पाहता तो मीच विचारतो. गिनीपिगमध्ये नर-मादी ओळखायला दुकानदारच काय, अनेक जाणते लोकही चुकतात. स्तनाग्रं पाहून काही कळत नाही, कारण ती नरालाही दोन असतात आणि मादीलाही दोनच. गोट्या दिसत नाहीत म्हणून मादी, हेही खरं नाही. पिल्लांच्या उतरलेल्या नसतात आणि खच्ची नराच्या काढलेल्या असतात.

खात्रीची रीत अशी. प्राणी छातीशी धरून त्याची पाठ आपल्याकडे करा. एक हात पुढच्या पायांखाली, दुसरा बुडाखाली. मागचे पाय लोंबकळू देऊ नका, नाहीतर तो घाबरून उसळी मारतो. जांघेतली त्वचा दोन बोटांनी हळूच ताणा. मादीच्या त्या जागी त्वचेच्या घड्यांचा इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार दिसतो. नराच्या जागी वर गोल टिकली आणि तिच्याखाली सरळ चीर दिसते. टिकलीच्या वर, पोटाच्या बाजूला, बोटाने हलका दाब दिला की नराचं लिंग बाहेर येतं. दाब दिल्यावर काहीच आलं नाही आणि वाय स्पष्ट दिसला, तर मादी. दुकानातच, उजेडात, मोबाइलवर जवळून फोटो काढा आणि पैसे देण्याआधी तो डॉक्टरांना पाठवा. शक्य असेल तर प्राणीच दाखवा.

एवढा काटेकोरपणा का, तर मादी म्हणून आलेला एक कोवळा नर सगळा डाव उधळतो. महिन्याभरात तो वयात येतो, लाडूशी भांडतो आणि सोबत आलेल्या खऱ्या मादीला गाभण करतो.

‘ती गाभण निघाली तर?’

गिनीपिगचा गर्भकाळ साधारण 59 ते 72 दिवसांचा, म्हणजे उंदीर-सशांच्या मानाने फारच लांब. मादी चार-सहा आठवड्यांची असतानाच गाभण राहू शकते. म्हणून नरांसोबत ठेवलेली मादी आणली तर पुढचे दहा आठवडे काही सांगता येत नाही. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तिचं वजन करा. खाणं तेच असताना वजन सारखं चढत असेल तर डॉक्टर पोट चाचपून किंवा सोनोग्राफी करून सांगतील.

पहिलटकरीण मादी सहा-सात महिन्यांच्या वर गेलेली असेल तर धोका मोठा. त्या वयानंतर तिच्या कमरेच्या हाडाचा पुढचा सांधा घट्ट होत जातो आणि पिल्लू अडतं. पिल्लं केस, दात, उघडे डोळे घेऊनच जन्मतात, म्हणजे आकाराने मोठी असतात. अशा वेळी सिझेरियनशिवाय गत्यंतर नसतं.

सुखरूप व्याली, तर मात्र तुमचा खच्ची नर वरदान ठरतो. गिनीपिगची मादी व्याल्यानंतर काही तासांतच पुन्हा माजावर येते. धट्टाकट्टा नर जवळ असेल तर ती त्याच दिवशी दुसऱ्यांदा गाभण. खच्ची नर जवळ असेल तर हा फेरा तिथेच तुटतो. लाडूला पिल्लांपासून वेगळं करायची सहसा गरज पडत नाही. असे नर पिल्लांना शांतपणे वावरू देतात. वेगळी करायची ती नर पिल्लं, तीही तीन आठवड्यांची होताच. नाहीतर आई आणि बहिणी दोन्ही धोक्यात येतात.

‘किती आणाव्यात? आणि ससा का नको?’

चारही राहतील, पण तुमच्या घरात दोन पुरेत. एक खच्ची नर आणि दोन माद्या ही सगळ्यात स्थिर टोळी. दोन सांगण्याचं आणखी एक कारण : गिनीपिग पाच ते आठ वर्षं जगतो. त्या काळात कोणीतरी आधी जाणार. तिघं असतील तर मागे राहिलेला एकटा पडत नाही आणि तुम्हाला पुन्हा धावपळ करावी लागत नाही.

जागा मात्र हवी. दुकानात मिळणारे रंगीत पिंजरे एकालाही अपुरे असतात. तिघांना किमान साडेदहा चौरस फूट सपाट जमीन लागते, म्हणजे साधारण साडेतीन फूट लांब आणि तीन फूट रुंद. हॉलच्या कडेला प्लास्टिकच्या जाळीच्या पट्ट्यांनी कुंपण करून खाली जुन्या चादरी टाकल्या तरी झालं. तारेचा तळ अजिबात नको, त्याने तळपायाला जखमा होतात. घरं ठेवाल ती दोन दारांची ठेवा, म्हणजे मागून कोणी आला तर पुढून निसटता येतं.

सशाबद्दल. तुमच्या घरच्या माणसांचा हेतू चांगला आहे, पण सशाच्या श्वासनलिकेत बोर्डेटेला नावाचे जंतू बिनबोभाट राहतात आणि तेच गिनीपिगला न्यूमोनिया करतात. सशाच्या मागच्या पायाची एक लाथ गिनीपिगची हाडं मोडू शकते. शिवाय दोघांची भाषा वेगळी : ससा बरंचसं शरीराने बोलतो, गिनीपिग आवाजाने. दोघं शेजारी बसलेले दिसतात म्हणून सोबत झाली असं होत नाही.

‘आणल्या की एकत्र सोडू का?’

लगेच नाही. आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत. या काळात खाजवणं, केस गळून गोल चट्टे पडणं, शिंकणं, नाकाडोळ्यांतून पाणी येणं यांवर लक्ष ठेवा. गोल चट्टा म्हणजे बहुधा नायटा, आणि तो मुलीच्या हातावरही उमटतो. खरुजेने प्राणी इतका खाजवतो की त्याला झटके आल्यासारखं वाटतं. आपल्या जिल्ह्यात मेंढ्यांचं आयव्हरमेक्टिन प्रत्येक औषध दुकानात मिळतं. ते अंदाजाने देऊ नका. किलोभर वजनाच्या प्राण्याला मेंढीचा डोस म्हणजे विष. तसंच घरात उरलेलं अमॉक्सिसिलिन तोंडावाटे कधीच देऊ नका. पेनिसिलीनच्या जातीची औषधं गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतात आणि प्राणी दोन-चार दिवसांत दगावतो.

हा काळ पार पडला आणि लाडूचे सहा आठवडेही भरले, की भेटीचा दिवस ठरवा. लाडूच्या पिंजऱ्यात भेट नको, ती त्याची हद्द आहे. तिघांनाही नवीन असलेली जागा निवडा. हॉलच्या फरशीवर धुतलेली चादर अंथरा, मधोमध वाळल्या गवताचा मोठा ढीग टाका आणि कोथिंबिरीच्या दोन-तीन जुड्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. आधी माद्या सोडा, मग लाडू.

पुढे काय होतं ते मुलीला शेजारी बसवून दाखवा. लाडू दोन पावलं येईल, थांबेल आणि घशातून मोटारीसारखा खोल गुर्र आवाज काढत मागचे पाय एकामागून एक टेकत, कंबर डोलवत मादीभोवती फिरेल. वास घेईल, पाठीवर चढायचाही प्रयत्न करेल. खच्चीकरणाने ही हौस पूर्ण जात नाही आणि त्यात बिघडलेलं काही नसतं. मादीला नको असेल तर ती पाठ फिरवेल, बूड उचलेल आणि थेट त्याच्या तोंडावर मुताची पिचकारी मारेल. लाडू डोकं झटकत मागे सरेल, थोडं गवत खाईल आणि पुन्हा येईल. हसा, पण मध्ये पडू नका. पाठलाग, नाक वर करून उभं राहणं, एकमेकांना ढोसणं हेही चालायचं.

दात कटकटणं ही मात्र खरी सूचना. दोघं समोरासमोर, अंगावरचे केस फुलवलेले, दात कटकटत असतील तर हातात जाड टॉवेल तयार ठेवा. दोघं एकमेकांना घट्ट धरून लोळले किंवा रक्त दिसलं तर टॉवेल टाकून वेगळे करा. मोकळा हात घालू नका, चावा खोल बसतो. रक्त न येता तास-दोन तास गेले आणि तिघं एकाच ढिगातलं गवत खायला लागले, की काम फत्ते. मग पिंजरा पूर्ण धुऊन, आतली मांडणी बदलून तिघांना एकदमच आत सोडा. रात्री वेगळं आणि दिवसा एकत्र असं करू नका, त्याने ओळख रोज नव्याने सुरू होते.

जाता जाता : खाणं आणि उन्हाळा

तोंडं वाढली की वैरण वाढणार, आणि इथे नगरकरांची एक हमखास चूक होते. आपल्याकडे घास म्हणजे लसूणघास, आणि तो दारात मिळतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा आरएल-88 तर प्रसिद्धच आहे. गाई-शेळ्यांना उत्तम. पण त्यात कॅल्शियम फार, आणि मोठ्या गिनीपिगला तो रोज दिला तर मूत्राशयात खडे होतात. घास द्या तो गाभण मादीला आणि पिल्लांना. बाकीच्यांना वाळलेलं साधं गवत किंवा ओटचा वाळवलेला चारा पोटभर. राहुरीचाच फुले हरिता हा ओटचा वाण लावणारे शेतकरी जिल्ह्यात आहेत. फुलोऱ्याआधी कापून सावलीत वाळवलेली एक पेंडी तिघांना पुष्कळ दिवस पुरते.

क जीवनसत्त्व गिनीपिगला माणसाप्रमाणेच बाहेरून घ्यावं लागतं. नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिश यांनी 1907 मध्ये स्कर्व्हीचा उलगडा केला तो गिनीपिगवरच. रोज किलोमागे दहा ते तीस मिलिग्रॅम पुरतं. राहात्याच्या पेरूची दहा ग्रॅमची एक लहान फोड साधारण वीस मिलिग्रॅम देते. पेरू नसेल तेव्हा ढोबळी मिरची आणि कोथिंबीर. कांदा-लसूण मात्र पातसुद्धा नको. सशाच्या खाद्याच्या गोळ्यांत क जीवनसत्त्व नसतं, तेव्हा त्या आणून ठेवू नका.

नगरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, आणि या डोंगरी प्राण्याला तिशीच्या पुढेच त्रास सुरू होतो. माद्या पुण्याहून आणणार असाल तर पहाटेची गाडी धरा, जाळीच्या टोपलीत गवत आणि काकडीच्या फोडी ठेवा आणि टोपली मांडीवर घ्या, डिकीत नको. घरी दुपारी पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीवर त्यांना कधीही ठेवू नका.

शेवटी एक विनंती, ही तुम्हालाच नाही, नगर जिल्ह्यातल्या सगळ्या वाचकांना. तुमच्या घरी एकटा गिनीपिग असेल, किंवा दोघींपैकी एक उरली असेल, तर तुमच्या डॉक्टरांकडे तुमचं नाव आणि प्राण्याचं वय लिहून ठेवा. दवाखान्याच्या भिंतीवर अशा दहा चिठ्ठ्या लागल्या, तर या जिल्ह्यात कोणालाही दुकानातून नवीन मादी विकत आणायची वेळ येणार नाही.